‘पीडीएफ आहे का, भाऊ?’

तीर्थपुरीच्या पोरांचे अभ्यासाचे जेवढे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, त्या सगळ्यांवर ठराविक दिवसांनी एक वाक्य येतंच : ‘लक्ष्मीकांतची पीडीएफ आहे का कुणाकडे?’ कधी लक्ष्मीकांतच्या जागी कोळंबे सरांचं अर्थशास्त्र असतं, कधी सवदी सरांचा भूगोल, तर नीटवाल्यांच्या ग्रुपवर एच. सी. वर्मा. दहा मिनिटांत कुणीतरी फाईल टाकतं. खाली ‘थँक्यू भाऊ’ आणि ‘जज़ाकल्लाह’ची रांग लागते. मागणारा लाजत नाही आणि देणारा पुण्य केल्यासारखा खुश असतो. ज्याने ते पुस्तक लिहिण्यात वर्षं घातली, त्याचा विचार त्या ग्रुपवर कुणाच्याही मनात येत नाही.

यावर लिहायचं तर आधी हिशेब मांडला पाहिजे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक हजाराच्या आसपास मिळतं. म्हणजे एका पुस्तकासाठी आईची किंवा वडिलांची तीन दिवसांपेक्षा जास्त मजुरी, आणि तेही त्या तीन दिवसांत घरात काही खाल्लं नाही तर. राज्यसेवेची तयारी एका पुस्तकावर होत नाही, दहा-पंधरा लागतात. त्यात आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, तेव्हा नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. वेळ मिळाला, पण वस्तुनिष्ठ परीक्षेसाठी ज्यांनी उसने-पासने करून पुस्तकांचा संच जमवला होता, त्यांचा अर्धा संच कागदाच्या भावात गेला.

पैसे असले तरी पुस्तक मिळेलच असं नाही. आपल्याकडच्या दुकानात शालेय गाईडं, वह्या आणि २१ अपेक्षित मिळतात. अभियांत्रिकीचं किंवा स्पर्धा परीक्षेचं नेमकं पुस्तक हवं असेल तर जालना, आणि तिथेही नसेल तर औरंगाबादचं औरंगपुरा. एस. टी.चं जाण्या-येण्याचं भाडं आणि एक बुडालेला दिवस पुस्तकाच्या किमतीत मिळवा. आता ऑनलाइन मागवता येतं हे खरं, पण किंमत तर द्यावीच लागते.

म्हणून ‘चोरी ती चोरी’ असं एसी खोलीत बसून सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याचबरोबर ‘इल्म किसी की जागीर नहीं’ असं म्हणून विषय संपवणाऱ्यांशीही जमत नाही. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. माझा पगार ज्या कायद्यावर उभा आहे, तोच कायदा पुस्तकाच्या लेखकाला हक्क देतो. मी रोज ज्या अवजारांनी काम करतो त्यातली निम्म्याहून जास्त अवजारं मात्र जगभरच्या लोकांनी फुकट वापरायला दिलेली आहेत. लिनक्स हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. गंमत अशी की ती मोफत राहावीत यासाठी त्यांच्या निर्मात्यांनी वापरलेला परवानाही कॉपीराइटच्याच कायद्यावर उभा आहे. ‘हे माझं आहे, म्हणून मी ते सर्वांना देतो, आणि तुम्हीही पुढे देताना अडवू नका,’ असं तो परवाना सांगतो. माझं असल्याशिवाय मला ते देता येत नाही. आपण मात्र दुसऱ्याचं देऊन दानशूर होतो.

जालना जिल्ह्यातल्या माणसाला हा गुंता समजायला लांब जायची गरज नाही. आपला जिल्हा बियाण्यांचा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली आणि पुढे इथे बियाणे कंपन्यांची रांगच लागली. बियाणं आणि पुस्तक यांची जात एकच आहे. नवं वाण तयार करायला दहा-दहा वर्षं जातात, नक्कल करायला एक हंगाम पुरतो. संकरित बियाण्याचं एक बरं असतं, दुसऱ्या वर्षी ते तसंच उगवत नाही, त्यामुळे कंपनीला कुलूप लावावं लागत नाही. पण सोयाबीन, हरभरा, गहू यांचं सरळ वाण शेतकरी घरी राखून ठेवू शकतो. मग ते राखलं तर ती चोरी का?

आपल्या संसदेने २००१ साली या प्रश्नाचं उत्तर दिलं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ म्हणतं की, संरक्षित वाणाचं बियाणंसुद्धा शेतकऱ्याने राखावं, पेरावं, पुन्हा पेरावं, शेजाऱ्याशी अदलाबदल करावी, एवढंच काय, आपलं उत्पादन म्हणून विकावंही. एक गोष्ट मात्र त्याला करता येणार नाही. त्या वाणाचं नाव-लेबल लावून, पिशवीबंद करून बियाण्याचा धंदा करता येणार नाही. पेप्सिको कंपनीने २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले, कोटी-कोटींची भरपाई मागितली, तेव्हा शेतकऱ्यांनी हेच कलम पुढे केलं. देशभर गदारोळ झाला आणि कंपनीने दावे मागे घेतले.

गरजेपुरतं राखणं आणि शेजाऱ्याला ओंजळभर देणं एका बाजूला, लेबल लावून विकणं दुसऱ्या बाजूला. इतकी स्वच्छ रेघ पुस्तकांच्या कायद्यात नाही. पण अगदीच नाही असंही नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराची मुभा देतं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कलही ते उल्लंघन मानत नाही. याची मोठी परीक्षा दिल्लीत झाली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. प्राध्यापक वाचायला नेमून देत ती वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र करून हे दुकान विद्यार्थ्यांना संच विकायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बलाढ्य प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. ज्यांच्या पुस्तकांतली पानं घेतली होती त्यांच्यापैकी अनेक लेखकच प्रकाशकांच्या विरोधात उभे राहिले. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा पुढे न रेटण्याची विनंती केली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण शिक्षणासाठी अशी नक्कल करता येते हे तत्त्व कायम ठेवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

या निकालाचा दाखला आपली पोरं अर्धवट ऐकून देतात, ‘हायकोर्टाने झेरॉक्सला परवानगी दिलीय’ म्हणून. तो निकाल शिक्षकाने नेमलेल्या निवडक पानांच्या संचाबद्दल होता. आख्खं पुस्तक स्कॅन करून पाच हजार जणांच्या चॅनलवर टाकणं त्यात बसत नाही.

आता लेखकाकडे वळू. ‘लेखक’ म्हटलं की आपण एकच माणूस डोळ्यांपुढे आणतो, आणि घोटाळा तिथेच होतो. परदेशी संशोधन नियतकालिकात लेख लिहिणाऱ्याला प्रकाशक सहसा एक पैसाही देत नाही. संशोधनाचा खर्च बहुतेकदा सरकारी तिजोरीतून झालेला असतो, तपासणारे प्राध्यापकही फुकट तपासतात आणि तोच लेख वाचायला विद्यार्थ्याकडून काही हजार रुपये मागितले जातात. २०११ मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान हिने साय-हब सुरू केलं ते यावर चिडून. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० च्या डिसेंबरात तिला दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं आणि २०२५ मध्ये भारतात ते संकेतस्थळ बंद करण्याचे आदेश झाले. मधल्या काळात केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. चांगली योजना आहे, पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. मराठवाड्यातली आपली बहुतेक मुलं खासगी महाविद्यालयांत शिकतात, ती दाराबाहेरच राहिली. अशा मुलाने प्रकल्पासाठी एक लेख कुठून तरी उतरवून घेतला तर त्याला चोर म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यात लेखकाचं काही बुडत नाही, उलट तो लेखकच ई-मेल केला तर आनंदाने लेख पाठवतो. हा मार्ग आपली मुलं का वापरत नाहीत हे मला कळत नाही. दोन ओळींचं पत्र लिहायचं असतं फक्त.

परदेशी पाठ्यपुस्तकांचंही सोवळं फार मानू नये. अमेरिकेने १८९१ पर्यंत परदेशी लेखकांचे हक्क मानलेच नव्हते. डिकन्सची पुस्तकं तिथे खुशाल छापली जात, आणि तो चिडून बोलला की तिथली वर्तमानपत्रं त्यालाच लोभी ठरवत. गरीब असताना सगळेच नक्कल करतात आणि श्रीमंत झाल्यावर कायदा शिकवतात. शिवाय स्वस्त विकणं प्रकाशकांना जमत नाही असंही नाही. ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का असलेल्या आवृत्त्या अभियांत्रिकीच्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. सुपाप कर्टसेंग नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्याने अशाच स्वस्त आवृत्त्या मायदेशातून मागवून अमेरिकेत विकल्या. २०१३ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय त्याच्या बाजूने उभं राहिलं. पुस्तक खरेदी केलेलं असेल तर ते पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे, असं त्या निकालाचं सार. म्हणून जुनं पुस्तक घेणं-विकणं यात काडीचाही दोष नाही, आणि हा रस्ता आपल्याकडे पुरेसा वापरला जात नाही.

पण मराठीत परीक्षेचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचं काय? तो केंब्रिज नाही. बहुधा तो स्वतःच कधीकाळी मुख्य परीक्षेत चार गुणांनी राहिलेला, पुण्यात किंवा लातूरला क्लास घेणारा शिक्षक असतो. आवृत्ती हजार-दोन हजारांची. मानधन साधारण दहा-पंधरा टक्के. दरवर्षी आकडेवारी बदलते, अर्थसंकल्प येतो, त्याला पुस्तक नव्याने लिहावं लागतं. त्याचं पुस्तक बाजारात आलं त्या आठवड्यात पीडीएफ फिरली, तर तो पुढची आवृत्ती काढत नाही. झालं एवढंच. मग इंग्रजी न जमणारा पोरगा काय वाचणार? लक्ष्मीकांत इंग्रजीत वाचता येणाऱ्याला पर्याय पुष्कळ आहेत. आपल्या गावातल्या, मराठी नाहीतर उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला पर्याय थोडे आहेत, आणि तेच आपण आपल्या हाताने मारतो आहोत. या विषयात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. मोठ्या कंपनीला न झालेली जखम आपल्याच भाषेतल्या मास्तरला होते.

फुकट फाईल टाकणाऱ्यांच्या आडून आता एक वेगळीच जमात वाढली आहे. ‘सर्व पुस्तकं, सर्व नोट्स, फक्त ९९ रुपये’ अशी जाहिरात, क्यूआर कोड, पैसे टाकले की ड्राइव्हची लिंक. हे लेबल लावून पिशवी विकणं झालं. याला गरिबीचं नाव देऊ नये. स्पर्धा परीक्षेचे क्लास चालवणाऱ्या दिल्लीच्या नीतू सिंग यांची पुस्तकं आणि व्याख्यानं टेलिग्रामवर अशीच विकली जात होती. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला ती चॅनल चालवणाऱ्यांचे मोबाइल नंबर आणि इतर तपशील देण्याचा आदेश दिला. कंपनी म्हणत होती, आमचे सर्व्हर परदेशात आहेत, तिथला गोपनीयतेचा कायदा आम्हाला बांधतो. न्यायालयाने ते ऐकलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं होतं की कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. त्याच कलमात एक सवलत आहे, नफ्यासाठी किंवा धंद्यात केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे कायद्यालाही भुकेला आणि दलाल वेगळे दिसतात. पण तो फरक न्यायालयात सिद्ध होईपर्यंत पोलीस ठाण्याच्या फेऱ्या असतात. ज्या मुलाला सरकारी नोकरी हवी आहे, त्याच्या चारित्र्य पडताळणीत एका गुन्ह्याची नोंद काय करते, हे ग्रुपच्या ॲडमिन झालेल्या आपल्या भावंडांना कुणीतरी सांगायला हवं. आपल्या पोरांना तर जास्तच सांगायला हवं, कारण कुणावर नोंद होते आणि कुणाला दम देऊन सोडलं जातं हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

दीनच्या अंगाने विचारणारेही आहेत. देवबंदच्या आधीच्या पिढीतले काही मोठे उलेमा लेखनहक्काला विकता येणारी मालमत्ता मानायला तयार नव्हते, आणि त्यांचा आधार आजही दिला जातो. तो काळ हाताने नक्कल करण्याचा आणि लिथोचा होता. नंतर मत बदललं. इस्लामी राष्ट्र संघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की लेखनाचे आणि शोधाचे हक्क हे शरीअतने रक्षिलेले हक्क आहेत आणि त्यांचं उल्लंघन जायज नाही. मी आलिम नाही, फतवा द्यायचा मला अधिकार नाही. पण हजरत उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीची शिक्षा थांबवली हा दाखला जेव्हा पीडीएफसाठी वापरला जातो, तेव्हा एक गोष्ट सुटते. त्यांनी शिक्षा थांबवली होती. दुसऱ्याचा हक्क पुसून टाकला नव्हता. शिवाय त्या वर्षी त्यांनी आणखी एक केलं, इतर प्रांतांतून धान्याचे काफिले मागवले. दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. दुष्काळात काफिला आणण्याची जबाबदारी कुणाची होती आणि आज कुणाची आहे?

काफिल्याचा काही भाग तर दारात येऊन उभा आहे आणि आपण बघत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं, उर्दू माध्यमाचीसुद्धा, तिच्याच संकेतस्थळावर मोफत आहेत. एनसीईआरटीचीही आहेत. तरी नीटच्या ग्रुपवर कुणीतरी २०१९ ची जुनी, वाकडी स्कॅन केलेली एनसीईआरटी फिरवतं. २०२३ मध्ये पुस्तकांतले धडे गळाले, २०२४ च्या नीटचा अभ्यासक्रम बदलला. पोरगं मात्र वगळलेला धडा पाठ करत बसलं आहे, अधिकृत नवी प्रत फुकट असताना. अभियांत्रिकीसाठी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम २००३ पासून उपलब्ध होत आले आहेत. खरगपूर आयआयटीचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. दुर्मीळ उर्दू पुस्तकांसाठी रेख्ता आहे. ही यादी गावातल्या प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर छापून लावली तर अर्ध्या पीडीएफची गरजच संपेल.

उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र पैसे लागतील. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची पुस्तक पेढी योजना आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमांची महागडी पुस्तकं महाविद्यालयातून वर्षभर वापरायला मिळतात आणि परत करायची असतात. साधी, समजूतदार कल्पना आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असं काही नाही. उलट २०२२ मध्ये पहिली ते आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती थांबली आणि त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ संस्थेला मान्यता दिली. या संस्थेकडे आपण मोठमोठ्या मागण्या घेऊन जातो. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी पन्नास संचांची पुस्तक पेढी, जात-धर्म न विचारता उत्पन्न पाहून.

मार्टीची वाट पाहत बसायचीही गरज नाही. स्पर्धा परीक्षेचा एक संच सहा हजारांचा धरला तर दहा संच साठ हजारांत होतात. आपल्याकडे एका वलीम्यात केवळ मंडप आणि डेकोरेशनवर याहून जास्त जातात. जकातीचे पैसे चालतील का, असं विचारलं जातं. हनफी मतानुसार जकात घेणाऱ्याच्या मालकीची व्हावी लागते, म्हणून जकातीतून पुस्तक घेतलं तर ते गरजू विद्यार्थ्याच्या हातात कायमचं द्यावं. पेढीत ठेवायच्या, फिरत्या पुस्तकांसाठी सदका किंवा साधी वर्गणी वापरावी. स्थानिक मौलानांना विचारून दोन वेगळ्या वह्या ठेवल्या की भांडण नाही. गावातलं सार्वजनिक वाचनालय १९६७ च्या कायद्याखाली मान्यताप्राप्त असेल तर कपाट तिथेच ठेवावं. मशिदीत किंवा शादीखान्यात ठेवलं तर शेजारची वंजारी, मराठा, दलित मुलं येणार नाहीत, आणि ती आली पाहिजेत.

तोवर काय, असं एखादा विद्यार्थी विचारेल. मराठी लेखकाचं पुस्तक चौघांत मिळून एक घ्या, सीनिअरकडून जुनं घ्या, पण त्याची फाईल करून पुढे पाठवू नका. लागणाऱ्या प्रकरणाची झेरॉक्स काढलीत तर मी काही बोलणार नाही. परदेशी पुस्तक कुठल्याच मार्गाने मिळत नसेल आणि परीक्षा तोंडावर असेल, तर वापरा, पण वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव आणि किंमत लिहून ठेवा. ते कर्ज आहे. माणसांचे हक्क, हुकूकुल इबाद, ज्याचे बुडाले त्यानेच माफ करायचे असतात. पहिला पगार झाला की ते पुस्तक विकत घ्या आणि पेढीच्या कपाटात ठेवा. माझ्या ऑफिसात तीर्थपुरी, घनसावंगी, अंबडकडून आलेली, आता चांगला पगार घेणारी काही मुलं आहेत. त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर किती रुपये निघतील याचा अंदाज मी त्यांना विचारला. एकाने तिथल्या तिथे फोनवर आकडेमोड केली, तर साडेअकरा हजार निघाले. पहिले दोन संच जवळपास त्यातून येतील. उरलेल्या आठ संचांसाठी निकाल लागायच्या आत, म्हणजे मे संपायच्या आधी, आणखी नावं हवी आहेत.